तासाभरात गुण देणारी डबी

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकाच विषयावरची आहेत : लैंगिक शक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी औषधे. असा प्रश्न समोर बसून विचारताना पुरुष अडखळतो आणि दवाखान्यातून उठताना, दाराशी पोहोचल्यावर, ‘जाता जाता एक विचारू का’ असे म्हणून तो विचारतो, हा माझा ठाण्यातील अनेक वर्षांचा अनुभव आहे. पत्रात मात्र माणूस मोकळेपणाने लिहितो. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : वय ४७, राहणार घोडबंदर रस्ता, ठाणे. मला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभरापासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही. मोबाइलवर जाहिरात पाहून अठराशे रुपयांची ३० कॅप्सूलची डबी मागवली. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाही’ असे तीवर लिहिले आहे. पहिल्याच वेळी तासाभरात गुण आला. मात्र चेहरा गरम झाला, डोके ठणकले, नाक चोंदले. डबीवरील क्रमांकावर फोन केला, तेव्हा ‘औषध अंगात भिनते आहे, घाबरू नका’ असे सांगण्यात आले. आतापर्यंत तीन कॅप्सूल घेतल्या आहेत. पुढे घ्याव्यात का? डबीची छायाचित्रे सोबत पाठवत आहे.

उत्तर : घेऊ नयेत. आपल्याला जो गुण वाटला, तोच माझ्या दृष्टीने काळजीचा मुद्दा आहे.

जमिनीतून खणलेले मूळ वाळवून, कुटून कॅप्सूलमध्ये भरले, तर ते तासाभरात ताठरता आणत नाही. वनस्पतिज औषधांचे कट्टर समर्थकही त्यांच्या परिणामासाठी काही आठवड्यांची मुदत सांगतात. तासाभरात काम करणारी आणि त्याच वेळी चेहरा लाल करणारी, डोके दुखवणारी, नाक चोंदवणारी औषधे आपल्या माहितीची आहेत. सिल्डेनाफिल हे त्यांतले पहिले. ‘व्हायग्रा’ या नावाने त्याला मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मुळात छातीतील कळेसाठी या औषधाच्या चाचण्या चालू होत्या आणि त्यातून त्याचा हा दुसरा उपयोग हाती लागला. ते रक्तवाहिन्या सैल करते. लिंगात रक्त भरते ते त्यामुळेच, आणि चेहऱ्याच्या व नाकाच्या वाहिन्याही त्यामुळेच फुलतात. म्हणजे फोनवरच्या माणसाने ज्याला ‘भिनणे’ म्हटले, ते या औषधाच्या माहितीपत्रकात दुष्परिणाम म्हणून छापलेले असते. आपल्या कॅप्सूलमध्ये हेच औषध आहे, असे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणालाही खात्रीने म्हणता येणार नाही. पण संशयाला जागा आहे आणि ती पुरेशी आहे.

आपण पाठवलेली छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. सोनेरी डबीच्या पुढच्या बाजूला उधळलेला घोडा आहे आणि मागच्या बाजूला अश्वगंधा, सफेद मुसळी, गोखरू, कवचबीज, शिलाजित अशी अकरा नावे ओळीने आहेत. प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम, हे मात्र कुठेच नाही. सगळ्यांचे मिळून ‘५०० मिलिग्रॅम विशेष मिश्रण’ एवढेच आहे. अकरा द्रव्यांत ५०० मिलिग्रॅम समान वाटले, तर एकेकाच्या वाट्याला ४५ मिलिग्रॅम येतात, आणि मुळ्यांची चूर्णे परंपरेने ग्रॅमच्या हिशेबात दिली जातात. त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत : ‘संबंधापूर्वी एक तास आधी एक कॅप्सूल’ आणि ‘हृदयविकाराच्या रुग्णांनी घेऊ नये’. ज्याला दुष्परिणामच नाही, त्या मुसळीच्या चूर्णाला हृदयरोग्याची एवढी भीती का वाटावी? त्या दोन ओळी सिल्डेनाफिलच्या पाकिटात शोभतात. कॅप्सूलमध्ये काय घातले आहे, हे बहुधा त्या ओळी लिहिणाऱ्याला माहीत असावे.

हा प्रकार काही आपल्याच गल्लीतला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ज्या ७७६ पूरक उत्पादनांत छुपी औषधे असल्याचे जाहीर केले, त्यांतील ३५३ लैंगिक शक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकली जात होती. म्हणजे जवळजवळ निम्मी. त्यांत सर्वाधिक वेळा सापडले ते सिल्डेनाफिलच. काही वेळा मूळ औषधाऐवजी त्याच्या रेणूत किंचित फेरफार करून बनवलेले भावंड घातलेले असते. नेहमीच्या चाचणीतून ते निसटावे, हा त्यामागचा हेतू असतो; आणि अशा भावंडांची माणसांवर कधीच रीतसर तपासणी झालेली नसल्यामुळे त्यांचा सुरक्षित डोस किती, हे ती बनवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्याला मधुमेह असल्यामुळे आणखी एक घटना सांगणे मला आवश्यक वाटते. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरच्या सार्वजनिक रुग्णालयांत दीडशे जण रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली गेल्यामुळे दाखल झाले. त्यांच्यापैकी कोणालाही मधुमेह नव्हता. बहुतेकांच्या रक्तात ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध सापडले आणि त्याचा माग लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांपर्यंत पोहोचला. सात जण दीर्घकाळ बेशुद्धीत राहिले, चार जण दगावले. ही भेसळ बहुधा हेतुपुरस्सर नव्हती. एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर नाना पावडरी भरल्या जात असतील, तर असे घडू शकते. निरोगी माणसाची ही गत झाली, तर जो आधीच साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेतो, त्याचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलताना गोंधळ उडणे असे काही झाले, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज खा आणि दवाखाना गाठा.

आता मूळ दुखण्याकडे वळू, कारण डबी बाजूला ठेवली तरी ते शिल्लक आहेच. लिंगाच्या धमन्यांचा व्यास साधारण एक ते दोन मिलिमीटर असतो, हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार. चरबीचा थर सगळीकडे सारखाच साचत असतो. मात्र बारीक नळी आधी चोंदते. त्यामुळे ताठरतेची तक्रार कित्येकदा छातीतील दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली असते. मधुमेहात वाहिन्यांबरोबर नसाही दुखावतात. आपण डबीवर खर्च केले, त्याहून कमी पैशांत तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची तपासणी होते. रक्तदाब मोजून घ्या, ईसीजी काढून घ्या. टेस्टोस्टेरॉन तपासायचे असेल, तर रक्त सकाळी, शक्यतो उपाशीपोटी द्या, आणि पहिला आकडा कमी आला, तर दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावर खात्री करून घेतल्याशिवाय कोणतेही इंजेक्शन घेऊ नका. रक्तदाबाची किंवा नैराश्याची काही औषधेही ताठरता कमी करतात. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घेता येतात. हे सगळे पाहून झाल्यावर डॉक्टरांना योग्य वाटले, तर ते तेच सिल्डेनाफिल आपल्याला लिहून देतील. गंमत अशी आहे, की जे औषध आपण कदाचित चोरवाटेने घेत होतात, तेच तपासलेल्या डोसात, चिठ्ठीवर, बिलासह आणि बहुधा स्वस्तात मिळेल. आपल्या फॅमिली डॉक्टरांशी बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा. त्यांच्यासाठी ही तक्रार सर्दीइतकी नेहमीची आहे.

प्रश्न : मी नेरूळला राहते. माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आखातात नोकरी करणाऱ्या मित्राने त्यांना मधाची छोटी पाकिटे आणून दिली आहेत. ‘यात फक्त मध आणि जडीबुटी आहे, हृदयालाही चांगले’ असे ते म्हणतात. कशासाठी घेतात, ते मला कळते. पण आमच्यात त्यावर बोलणे होत नाही. त्यांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी नेहमी असते. काळजी करण्यासारखे आहे का?

उत्तर : ताई, काळजी करण्यासारखे आहे, आणि या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘मध’ नसून ‘जिभेखालची गोळी’ हा आहे.

ती गोळी बहुधा सॉर्बिट्रेटची, म्हणजे नायट्रेट गटातील आहे. नायट्रेटमुळे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि रक्तवाहिन्या सैल होतात. सिल्डेनाफिल व त्याच गटातील टाडालाफिल ही औषधे त्याच साखळीतील पुढची कडी लांबवतात. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब इतका खाली जाऊ शकतो, की हृदयालाच रक्त पुरत नाही आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. म्हणूनच सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. निकोरँडिल ही हृदयविकारातील आणखी एक गोळीही त्याच यादीत येते. मधाच्या पाकिटांबद्दल बोलायचे, तर अशी पाकिटे विकणाऱ्या चार कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये ताकीद दिली होती, कारण तपासलेल्या मधात हीच दोन औषधे सापडली होती आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. मित्राच्या मनात खोट नसेल; त्यालाही ते मधच वाटत असेल.

प्रसंग कसा ओढवतो, तो पाहा. रात्री पाकीट घेतले, संबंधाच्या वेळी किंवा नंतर छातीत दुखू लागले, आणि सवयीने हात खिशाकडे गेला. तुम्ही घाबरून स्वतःच ती गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवाल. म्हणून आजच ठरवून टाका : पाकीट घेतलेले असताना छातीत दुखले, तर ती गोळी द्यायची नाही, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर सर्वांत आधी, दारातच, ‘यांनी अमुक वाजता हे पाकीट घेतले आहे’ असे सांगून ते पाकीट डॉक्टरांच्या हातात द्यायचे. त्या क्षणी संकोच केल्यास डॉक्टर नायट्रेटच देतील, कारण छातीतील दुखण्यावर तोच नेहमीचा उपाय आहे.

बोलणे होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ‘तुम्ही हे का घेता’ असे विचारल्यावर ते गप्प होणार हे उघड आहे; कदाचित चिडतीलही. त्याऐवजी ‘पुढच्या तपासणीला मी बरोबर येते, डॉक्टरांना हे पाकीट दाखवू’ असे म्हणून पाहा. अँजिओप्लास्टी झाली म्हणजे संसार आटोपला, असे नाही. दोन मजले जिना बेताच्या वेगाने चढताना छातीत दुखत नसेल आणि धाप लागत नसेल, तर बहुतेकांना हृदयरोगतज्ज्ञ संबंधाची परवानगी देतात. नायट्रेटची खरोखरच गरज उरली आहे का, की जुन्या चिठ्ठीवरून ती गोळी खिशात राहिली आहे, हेही तेच सांगू शकतील. गरज नसेल, तर ताठरतेसाठी योग्य औषधाचा विचार होऊ शकतो. तोपर्यंत पाकिटे बंद. कचऱ्यात टाकून मात्र देऊ नका. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

प्रश्न : वय २३, ऐरोली. लग्न व्हायचे आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीवरून आकार वाढवणारे तेल आणि ‘धातू’ घट्ट करणाऱ्या गोळ्या घेतल्या. दोन महिन्यांत फरक नाही. डोस वाढवू का? आणि किती मिनिटे टिकणे नॉर्मल असते?

उत्तर : डोस वाढवू नकोस, पैसे वाचव. कोणतेही तेल किंवा गोळी प्रौढ पुरुषाच्या लिंगाचा आकार वाढवत नाही. तेलाने आग होते, पुरळ येते, एवढेच. एकूण १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांचा जो एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ताठर अवस्थेतील सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर भरली. जाहिरातवाले आणि मोबाइलवरचे चित्रपट जी सरासरी सांगतात, ती त्यांच्या धंद्याची असते. मिनिटांचेही तसेच आहे : पाच देशांतील जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून नोंदवलेल्या वेळांत मध्यावरचा आकडा ५.४ मिनिटे होता. झोपेत किंवा लघवीबरोबर वीर्य गेल्याने शक्ती जाते, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे, की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिच्यातून येणाऱ्या काळजीला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. थकवा, झोप न लागणे, मन न लागणे ही लक्षणे खरी असतात. कारण मात्र वीर्य नसते, चिंता असते, आणि तिच्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपाय आहे. जाता जाता एक : व्यायामशाळेत कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले, तर ठाम नकार दे. बाहेरून ते घेतल्यावर शरीर शुक्राणू बनवणे थांबवते, आणि तुझे लग्न व्हायचे आहे.

प्रश्न : मी नौपाड्यातील निवृत्त शिक्षक आहे. आपल्यासारखे डॉक्टर उठसूट आयुर्वेदाला झोडपतात. अश्वगंधा, मुसळी, शिलाजित ही शतकानुशतके वापरात असलेली द्रव्ये आहेत. वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवणारी चिकित्सा, हे आयुर्वेदाचे एक अंगच आहे. मग सगळ्याच औषधांना भेसळ कसे म्हणता? आणि भेसळ असेल, तर सरकार काय करते?

उत्तर : सर, वाजीकरण हे आठ अंगांपैकी एक आहे, हे मान्यच आहे; आणि म्हणूनच एका तासाची कॅप्सूल त्याच्या नावावर खपवली जाते, याचा राग आपल्याला माझ्यापेक्षा अधिक यायला हवा. त्या शास्त्रात आधी शरीराची शुद्धी सांगितली आहे, प्रकृती पाहायला सांगितली आहे, दूध, तूप, उडीद यांचा आहार सांगितला आहे आणि उत्तम संततीवर भर दिला आहे. वैद्याने नाडी पाहून दिलेले औषध आणि मोबाइलवर बोट लावून मागवलेली डबी यांना मी एका पारड्यात टाकत नाही.

द्रव्यांचे म्हणाल, तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. अश्वगंधेने ताण कमी होतो, असे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे. पण तिच्या सेवनानंतर कावीळ व यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नये. गोखरूने माणसात टेस्टोस्टेरॉन वाढते, या दाव्याला चाचण्यांनी साथ दिलेली नाही. शिलाजित हे खडकातून येणारे द्रव्य आहे. नीट शोधन केलेले नसेल, तर त्याबरोबर शिसे आणि इतर जड धातू येऊ शकतात. परदेशी डब्यांत योहिंबिन हे झाडाच्या सालीतील द्रव्य असते, त्याने रक्तदाब आणि छातीची धडधड वाढते. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव तर आपल्या शेजारचे आहे : क्लोरोफायटम बोरिविलियानम, म्हणजे बोरिवलीची. येऊरचा डोंगर ओलांडला की पलीकडे ज्या गावाचे जंगल लागते, त्यावरून ते पडले. या मुसळीला भाव चांगला असल्याने बाजारात तिच्या नावाखाली इतर मुळ्याही विकल्या जातात. म्हणजे डबीत मुसळी लिहिलेली असली, तरी ती मुसळीच आहे का, हा प्रश्न उरतोच.

सरकारचे म्हणाल, तर कायदा आहे आणि जुना आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या औषध कायद्याच्या कलम ३ नुसार लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा वा वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत ज्यांच्यावर औषधाने गुणाचा दावा करू नये अशा अवस्था दिल्या आहेत. त्यांत नपुंसकता आहे, शीघ्रपतन आहे आणि इंद्रियाचा आकार वाढवणेही आहे. अनेक डब्या या पेचातून निसटण्यासाठी औषधाऐवजी खाद्यपदार्थाचा परवाना घेतात. तेव्हा डबीवर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक दिसला, तर तो खाद्यपदार्थाचा आहे, हे ओळखावे. त्याचा अर्थ कोणी त्याच्या परिणामाची चाचणी घेतली, असा होत नाही. मुळीच क्रमांक नसेल, उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल, तर विचारच नको. कायदा असूनही स्थानकाबाहेरच्या भिंतींवर त्या जाहिराती चिकटलेल्या दिसतात, हे आपण म्हणाल तर मला मान्य आहे. तक्रार करायला कोणी पुढे येत नाही, कारण तक्रार करायची म्हणजे आपण ती डबी का घेतली, हे सांगायचे.

तरीही तक्रार करता येते. अन्न व औषध प्रशासनाचे कोकण विभागाचे कार्यालय ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये आहे आणि नवी मुंबईही त्याच विभागात येते. औषधाचा त्रास झाला असेल, तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याची नोंद करता येते. डॉक्टरच असावे लागते, असे नाही. घोडबंदरच्या वाचकांनी उरलेल्या २७ कॅप्सूल डबीतच ठेवाव्यात, बॅच क्रमांक खरवडू नये, मागणीची पावती आणि फोनवरील संभाषणाची तारीख लिहून ठेवावी. नेरूळच्या ताईंनी न फोडलेली पाकिटे तशीच कागदी लिफाफ्यात घालावीत. उघडलेल्या डबीतील नमुना न्यायालयात टिकतोच असे नाही, मात्र वेष्टनावरच्या नाव-पत्त्यावरून निरीक्षकांना दुकानातून किंवा गोदामातून सीलबंद नमुना उचलता येतो, आणि तपासणी होते ती त्याचीच.